जुनी फियाट उभी करताना: काय राखायचं, काय बदलायचं

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९७४ साली बाहेर पडलेल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. त्यांच्या थोरल्या बहिणी, म्हणजे १९६४ पासूनच्या फियाट ११०० डिलाइट आणि त्यानंतरच्या प्रीमियर प्रेसिडेंट, ती ओलांडून पुढे गेल्या आहेत. महाराष्ट्रात अशा गाड्या अजून बऱ्याच आहेत. कुठे वाड्याच्या बोळात, कुठे सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, कुठे कोकणातल्या घराच्या मागच्या पडवीत. वडिलांनी किंवा आजोबांनी नंबर लावून घेतलेली ही गाडी एकदा उभी करायची असं घरात ठरतं, गॅरेजवाला बॉनेट उघडतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो: ओरिजिनल ठेवायचं की नवीन टाकायचं?

याची दोन तयार उत्तरं सगळीकडे ऐकू येतात. एक गट म्हणतो, कारखान्यातून आलेला नटसुद्धा बदलायचा नाही. दुसरा म्हणतो, एवढा खर्च करताच आहात तर मारुतीचं इंजिन, फ्लोअर गिअर आणि एसी टाकून मोकळे व्हा. दोन्ही उत्तरं सोपी आहेत, कारण दोन्हींत विचार एकदाच करायचा असतो. खरं काम विचार प्रत्येक भागापाशी नव्याने करण्यात आहे. ब्रेकच्या रबराला जो न्याय, तो डॅशबोर्डला लावून चालत नाही. हा लेख त्या निवाड्यासाठी आहे. उदाहरणं फियाट-पद्मिनीची घेतली आहेत, पण तत्त्वं अॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा विलीज जीपलाही लागू पडतात.

गाडी कशासाठी हवी, हे आधी ठरवा

वर्षातून दोनदा रॅलीत न्यायची गाडी, रविवारी सकाळी फिरवायची गाडी आणि आठवण म्हणून घरात जपायची गाडी, या तिघींचे हिशेब वेगळे. रॅलीत आणि प्रदर्शनात परीक्षक मूळपणाचे गुण देतात. तिथे चुकीच्या वर्षाची जाळी किंवा बाजारू स्टिअरिंग लगेच डोळ्यांत भरतं. रविवारच्या गाडीला खंबाटकी घाट न उकळता चढता आला पाहिजे आणि उतारावर ब्रेक लागले पाहिजेत. आठवणीच्या गाडीत तर वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली गिअरची मूठ नव्या क्रोमपेक्षा मोलाची. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे ठरवा आणि लिहून ठेवा. काम अर्ध्यावर आलं की मतं बदलतात आणि तिथूनच पैसा वाया जायला लागतो.

कायदा मूळपणाबद्दल काय म्हणतो

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी तीत बसते. अट महत्त्वाची आहे: वाहन मूळ स्वरूपात राखलेलं असावं आणि चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो.

याची दुसरी बाजूही पाहा. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल आणि त्यासाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा आहे. म्हणून नेहमीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायचं की विंटेज नोंदणी घ्यायची, हे आपल्या आरटीओत चौकशी करून कामाच्या आधी ठरवा. कारण दुसऱ्या कंपनीचं इंजिन एकदा बसलं की विंटेजचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही.

पाना हातात घेण्याआधी

गाडी गॅरेजात टाकण्याआधी एक सबंध दिवस तिच्यासोबत घालवा. मोबाइलवर भरपूर फोटो काढा: बाहेरून, आतून, खालून, बॉनेटखाली, डिकीत, वायरी कुठून कुठे जातात तिथपर्यंत. कोणता क्लिप कोणत्या बाजूला होता हे सहा महिन्यांनी मिस्त्रीलाही आठवत नाही. प्रत्येक उघडलेल्या भागाचे स्क्रू वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. फियाट मूळची इटालियन, तिचे आटे मिलिमीटरचे. अॅम्बेसेडरची घराणेशाही इंग्रजी, तिथे इंचाचे आटे सापडतात. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजात उघडलेल्या असल्या आणि बोल्ट एकाच डब्यात पडले, की कुणीतरी इंची बोल्ट मिलिमीटरच्या भोकात जोर लावून बसवतो आणि आटे कायमचे जातात.

त्याच दिवशी इंजिन नंबर आणि चॅसी नंबरची पेन्सिल-छाप घ्या: नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. आरटीओत ही छाप लागतेच. पण त्याहून मोठं कारण असं की पत्र्याचं काम करणारा माणूस ग्राइंडर मारताना किंवा पुट्टी भरताना चॅसी नंबर पुसट करू शकतो. नंबर ठोकलेला पत्रा कापायचा नाही, घासायचा नाही, हे त्याला तोंडी सांगा आणि तिथे चिकटपट्टीही लावा.

मग मूळ काय आहे ते शोधा. पन्नास वर्षांत गाडीने किती गॅरेजं पाहिली असतील सांगता येत नाही. मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या रबराखाली आणि नंबरपाटीच्या मागे टिकलेला असतो. सीटच्या रेक्झिनचा खरा रंग गादीच्या खालच्या दुमडीत सापडतो, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. नवं रेक्झिन जुळवायचं तर तोच तुकडा दुकानात न्या. दिवा, डायनॅमो, कार्ब्युरेटर यांवर उत्पादकाचे ठसे असतात. ल्युकास-टीव्हीएस किंवा सोलेक्सचा ठसा दिसला तर तो भाग बहुधा कारखान्यातून आलेला, नाहीतर निदान त्याच दर्जाचा.

एक सापळा लक्षात ठेवा. हा सांगाडा साडेतीन दशकांहून अधिक काळ बनत राहिला, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीचे कितीतरी भाग १९६८ च्या डिलाइटला सहज बसतात. बसतात म्हणून ते तिचे होत नाहीत. स्टिअरिंगवरचा गिअर काढून उशिराच्या मॉडेलचा फ्लोअर गिअर आणि बकेट सीट बसवलेल्या अनेक डिलाइट रस्त्यावर आहेत. भाग कंपनीचाच असतो, पण वर्ष चुकलेलं असतं.

प्रत्येक भागाला तीन प्रश्न

पहिला: हा भाग निकामी झाला तर जीव जाईल का? दुसरा: या भागावर गाडीची ओळख टिकून आहे का, म्हणजे नंबर, ठसा, घडण, रंग, रोज हात लागून आलेली झीज? तिसरा: आज केलेला बदल उद्या, काहीही न कापता, परत फिरवता येईल का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर मूळपणाचा हट्ट सोडा. दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर दुरुस्तीचे सगळे मार्ग संपल्याशिवाय भाग बदलू नका. दोन्ही ‘हो’ असतील तर मधला मार्ग काढावा लागतो, तो पुढे येतोच. आणि तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो बदल करण्याआधी आठवडाभर थांबा.

इथे हट्ट धरू नका

टायर. फियाटला ५.२०-१४ मापाचे टायर येत. टायरवर नक्षी शिल्लक दिसते म्हणून तो चांगला असं समजू नका; रबर वयानेही मरतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ज्याच्यावर असे आकडेच नाहीत किंवा तीनच आहेत, तो विसाव्या शतकातला टायर समजा आणि उतरवा. जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय मिळाले तर उत्तम, नाहीतर मापाला जवळचे रेडियल घ्या. पण एका अॅक्सलवर एक या जातीचा आणि एक त्या जातीचा, असं कधीही नको.

पेट्रोलची लाइन. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पन्नास वर्षांपूर्वीचं रबर, कॉर्क आणि पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेला नाही. तो फुगतो, मऊ पडतो, मग गळतो. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरची वॉशरं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

ब्रेकची रबरं, होज पाइप, लायनर, ऑइल सील, फॅन बेल्ट, कूलंटचे पाइप आणि तडे गेलेल्या वायरी हा सगळा झिजणारा माल. कारखान्यानेही तो बदलण्यासाठीच बनवला होता. जुने ब्रेक लायनर काढताना सावध राहा: त्यांत अॅसबेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची गॅरेजातली सवय सक्तीने थांबवा. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका.

पुढची काच. जुन्या गाड्यांच्या टफन्ड काचेचा फुटताच साखरेसारखा चुरा होतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं. ती घासली गेली असेल किंवा तडकली असेल तर त्याच आकाराची लॅमिनेटेड काच बसवा; बाहेरून फरक कळत नाही. दारांच्या मूळ काचा, उत्पादकाच्या ठशासकट, जपून ठेवा. सीट बेल्ट बसवायचा तर नुसत्या पत्र्याला बोल्ट मारू नका. खालून जाड लोखंडी प्लेट द्या, नाहीतर धक्क्याने पत्राच फाटून येईल.

इथे नवा भाग घेऊ नका

इंजिनचा ब्लॉक सर्वांत आधी. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. धूर मारतंय, ऑइल खातंय म्हणून दुसरं इंजिन आणून बसवू का, असं मिस्त्री विचारतो, कारण त्याला ते सोपं. पण इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक वाचला तर गाडीची कागदोपत्री ओळख वाचते. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतात. शेवटचं ओव्हरसाइजही संपलं असेल तर लेथवाल्याकडून स्लीव्ह टाकून बोअर पुन्हा स्टँडर्डवर आणता येतो. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालता येतात. खर्च जुन्या इंजिनाच्या बाजारभावापेक्षा जास्त होईलही, पण तो करण्यासारखा आहे.

डॅशबोर्ड, मीटर, स्टिअरिंग व्हील, दारांची हँडलं, मूळ दिवे, हबकॅप, नाव कोरलेले बिल्ले. हे भाग गाडीचा चेहरा असतात आणि त्यांच्या बाजारातल्या नकला जवळून पाहिल्या की उघड्या पडतात. स्टिअरिंगला तडे असतील तर ते भरता येतात. मीटरचा काटा अडकत असेल तर तो घड्याळाच्या नाजूकपणाने दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत. बिल्ले आणि हँडलं बहुतेकदा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यांवर बारीक खड्डे पडले असले तर थेट निकल-क्रोमला देऊ नका. कारागीर खड्डे घालवण्यासाठी घासत सुटतो आणि अक्षरांच्या कडाच नाहीशा होतात. थोडा डाग परवडला.

बंपर मात्र क्रोमला द्यायला हरकत नाही. मूळ बंपरचा पत्रा जाड असतो, नकली बंपर हातात घेतला की हलका लागतो, तेव्हा मूळचा फेकू नका. क्रोम करून घेताना आधी तांबं, मग निकल, मग क्रोम, असे तिन्ही थर हवेत असं स्पष्ट सांगा. नुसता चकाकणारा पातळ मुलामा मुंबईचा एक पावसाळा काढत नाही.

स्टिअरिंगवरचा गिअर नीट पडत नाही म्हणून तो काढून टाकणारे बरेच. नव्वद टक्के दोष गिअरबॉक्सचा नसून मधल्या सांध्यांमधली बुशं झिजल्याचा असतो, हे त्यातले जुने मिस्त्री जाणतात. बुशं लेथवर पितळेची किंवा नायलॉनची वळवून घ्या. लिव्हर पुन्हा आपल्या जागी पडायला लागतो आणि गाडीचं एक खास लक्षण वाचतं.

मधला मार्ग: बाहेर जुनं, आत नवं

फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. एका चाकाचा व्हील सिलिंडर उघडून पाहू. बोटाएवढं ओतीव कवच, आत दोन पिस्टन, दोन रबरी कप, मधे स्प्रिंग. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइलने पाणी ओढलेलं असतं, त्यामुळे कवचाच्या आतल्या भिंतीवर तपकिरी रेघा आणि खड्डे दिसतात. कप नवे टाकून जोडणी केली तर पंधरा दिवस ब्रेक लागतील, मग खड्ड्यांवर घासून कप कापले जातील. दुसऱ्या टोकाला, सबंध सिलिंडर फेकून निनावी डुप्लिकेट बसवला तर त्याच्या मापाची खात्री नाही. बरोबर उपाय असा: खड्डे वरवरचे असतील तर हलकं होनिंग; खोल असतील तर कवचात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ मापाला बोअर; आणि कप, धूळ-टोप्या नव्या कोऱ्या. कवच कारखान्याचं राहतं, जीव वाचवणारा भाग आजचा असतो. ज्याला हे काम माहीत आहे त्याच्याकडूनच करून घ्या, आणि आधी मोकळ्या मैदानात ब्रेक तपासा.

हीच पद्धत बाकीच्यांना लावा. वॉटर पंपाचं कवच जुनं, बेअरिंग आणि सील नवं. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून बेअरिंगच्या दुकानात जा. तोच नंबर आजही बहुतेक वेळा मिळतो. डायनॅमो फेकून अल्टरनेटर बसवण्याआधी आर्मेचर, कार्बन ब्रश आणि बुश तपासा. तरीही रात्रीच्या प्रवासासाठी अल्टरनेटर हवाच असेल तर बसवा, पण डायनॅमो, त्याचा कट-आउट आणि मूळ ब्रॅकेट एका खोक्यात नाव घालून ठेवा. वायरिंग सबंध नवं करायचं तर जुनं हार्नेस तुकडे न करता काढा, प्लायवूडवर पसरून खिळ्यांनी त्याचा माग बांधा आणि त्याच रंगांच्या वायरींनी नवं विणून घ्या. हेडलाइटसाठी दिसणार नाही अशा जागी रिले बसवला तर जुन्या स्विचवरचा भार उतरतो.

घाटात गाडी उकळते, ही फियाटवाल्यांची जुनी तक्रार. त्यावर गॅरेजात सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष असतो बोअरच्या पाण्याने क्षार साचलेल्या रेडिएटरमध्ये. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घ्या, थर्मोस्टॅट परत बसवा, आणि नळाच्या पाण्याऐवजी गंजरोधक कूलंट भरा. अॅल्युमिनियमच्या हेडची पाण्याची भोकं नाहीतर आतून खाल्ली जातात.

पत्रा आणि रंग

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. म्हणून दारांखालची सिल, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा सडल्या तर तो दिसण्याचा नाही, मजबुतीचा प्रश्न असतो. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. सडलेला तेवढाच तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करा. पूर्ण फेंडर बदलणं पत्रेवाल्याला सोपं पडतं, पण मूळ फेंडरची वळणं आणि दाराशी जुळणारी फट नव्यात क्वचितच येते.

रंगाच्या बाबतीत घाई सर्वांत महाग पडते. गंज आणि जुनेपणा यांत फरक करा. गंज पत्रा खातो, तो काढलाच पाहिजे. पण उन्हाने फिका पडलेला, कुठे पातळ झालेला कारखान्याचा रंग शाबूत असेल तर तो नुसता स्वच्छ करून, हलका पॉलिश करून ठेवता येतो. नवा रंग पुढच्या वर्षीही मारता येईल, जुना परत आणता येणार नाही. आणि रंग शेवटी. आधी ब्रेक, मग सांगाडा, मग इंजिन, मग वायरिंग. उलट क्रमाने गेलेल्या गाड्या चकचकीत होऊन गॅरेजात अडकून पडतात, कारण पैसा संपलेला असतो.

जगातही वारा याच दिशेला आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ने २०१२ मध्ये संमत केलेली ट्युरिन सनद कमीत कमी हस्तक्षेप करा, केलेल्या कामाची नोंद ठेवा आणि नवे भाग ओळखू येतील असे ठेवा, असं सांगते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच प्रदर्शनात अनेक दशकं आरशासारख्या चकचकीत गाड्याच सर्वोत्तम ठरत आल्या. २०२४ मध्ये पहिल्यांदाच तो मान जतन केलेल्या, नव्याने न रंगवलेल्या गाडीला मिळाला. ती होती १९३४ ची बुगाटी टाइप ५९, एकेकाळी बेल्जियमचे राजे लिओपोल्ड तिसरे यांच्याकडे असलेली.

नंतरचे बदल काढायचे का?

गाडीवर झालेला प्रत्येक बदल पाप नसतो. मुंबईची काळी-पिवळी घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या टॅक्सी शहरातून गेल्या. अशी एखादी गाडी तुमच्या हाती आली आणि तुम्ही टपावरचा कॅरियर, मीटर आणि काळा-पिवळा रंग काढून तिला कारखान्यातल्यासारखी पांढरी केलीत, तर तिचं आयुष्यच पुसलंत. तिच्यापुरतं टॅक्सीचं रूप हेच मूळ रूप. वडिलांनी १९८० मध्ये बसवलेला रेडिओही याच न्यायाने राहू द्यावा. मागच्या मालकाने हौसेखातर लावलेले रंगीत दिवे आणि चुकीच्या मापाचे अलॉय व्हील मात्र खुशाल काढा.

भाग कुठे, कसे घ्यायचे

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या गाड्यांचा बाजार, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि गावोगावची बंद पडत आलेली स्पेअर पार्टची दुकानं, हे शोधाचे रस्ते. शेवटचा सर्वांत फलदायी. दुकानाच्या माळ्यावर कंपनीच्या खोक्यात न वापरलेला भाग सापडू शकतो. धातूचा असेल तर लगेच घ्या. रबराचा असेल तर खोकं कितीही कोरं असो, घेऊ नका. रबर खोक्यातही म्हातारं होतं.

जाताना जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून तपासा: वजन, आट्यांचं माप, भोकांमधलं अंतर, ठसा. ओरिजिनल आहे म्हणणाऱ्या दुकानदाराच्या शब्दापेक्षा तुमचं कॅलिपर खरं. आणि भंगारातली दुसरी गाडी भागांसाठी घेणार असाल तर तिची कागदपत्रं पाहूनच घ्या, नाहीतर पोलिसांना उत्तर देत बसाल.

गॅरेजवाल्याशी ठराव

काम देताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून दोघांनी सह्या करा. विचारल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही. बदललेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, मालकाला परत मिळेल. कापणं आणि भोक पाडणं मालकासमोरच होईल. चांगला मिस्त्री याला हरकत घेणार नाही. जो म्हणेल की जुना माल कशाला हवा, आम्ही भंगारात घालतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका. तुमचा मूळ कार्ब्युरेटर दुसऱ्याच्या गाडीत बसायला वेळ लागत नाही.

घरी एक वही ठेवा. तारीख, काय काढलं, काय घातलं, कुठून आणलं, कोणी बसवलं. परत मिळालेले भाग ऑइल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून एका पेटीत ठेवा. तुमच्या मुलांना उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली तर त्यांना बाजार हुडकावा लागणार नाही, आणि विकायची झाली तर जाणकार गिऱ्हाईक गाडीआधी ती वही आणि पेटी पाहील.

थोडक्यात निवाडा असा. जिवावर बेतणारं सगळं नवं घ्या, ओळख सांगणारं सगळं जुनं राखा, जिथे दोन्ही आहे तिथे कवच जुनं आणि आतला भाग नवा. शंका आली तर दुरुस्त करा. आणि बदलावंच लागलं, तर काढलेला भाग घरी आणा. फियाटचे नवे भाग आता कुर्ल्यात बनत नाहीत. जे आहेत ते एवढेच आहेत.